केनिया: ज्यांनी बंदुका उचलल्या, त्यांच्यावर स्वातंत्र्यानंतरही चाळीस वर्षं बंदी का?

अनघा_ठाणेकर

नमस्कार मंडळी. नवऱ्याची बदली नैरोबीला झाली आहे, जानेवारीत आम्ही सगळे जातोय. मुलांच्या शाळेकडून सुट्ट्यांची यादी आली म्हणून थोडं वाचायला घेतलं आणि गोंधळ वाढला.

१ जून ही स्वराज्याची सुट्टी (१९६३ साली अंतर्गत कारभार हातात आला), १२ डिसेंबर ही स्वातंत्र्याची. इथपर्यंत ठीक. पण २० ऑक्टोबरलाही राष्ट्रीय सुट्टी आहे. १९५२ साली त्याच दिवशी इंग्रज गव्हर्नर एव्हलिन बेरिंगने आणीबाणी पुकारली आणि जोमो केन्याटांना (पुढे हेच राष्ट्राध्यक्ष झाले) पकडून नेलं. आधी त्याला केन्याटा दिन म्हणत, २०१० च्या नव्या राज्यघटनेनंतर तो वीरांचा दिवस झाला.

आता हे वीर म्हणजे माऊ माऊवाले ना, इंग्रजांविरुद्ध जंगलात जाऊन लढलेले मुख्यतः किकुयू जमातीचे बंडखोर? मग इंग्रजांनी १९५० साली त्यांच्या संघटनेवर घातलेली बंदी २००३ पर्यंत कशी काय टिकली? देश स्वतंत्र होऊन चाळीस वर्षं झालेली! माझ्या डोक्यात बसतच नाही. म्हणजे स्वातंत्र्य लढून मिळालं, की इंग्रजांनी हिशोब करून दिलं? आणि तिथले आपले लोक तेव्हा कुणाच्या बाजूने होते? तिथे गेल्यावर शेजारीपाजारी चार गोष्टी निघतील, तेव्हा अगदीच कोरी पाटी नको.

तिरकस_तुकाराम

थोडक्यात सांगतो. जे खुर्चीवर बसले ते जंगलात नव्हते आणि जे जंगलात होते त्यांना खुर्ची मिळाली नाही. बंदी उठवायची घाई कुणाला असणार?

लढून की देऊन, याचं उत्तर दोन्ही. १९५६ च्या ऑक्टोबरात माऊ माऊचा पुढारी देदान किमाथी पकडला गेला, १८ फेब्रुवारी १९५७ ला कामिती तुरुंगात त्याला फाशी दिली, तिथे जंगलातली लढाई लष्करीदृष्ट्या संपली. इंग्रज जिंकले. पण सात वर्षांत १०९० माणसं फासावर चढवून जिंकलेली वसाहत ठेवायची किती दिवस आणि कशासाठी, हा प्रश्न लंडनमध्ये पडला. त्यात ३ मार्च १९५९ ला होला छावणीत कैद्यांनी कामाला नकार दिला म्हणून पहारेकऱ्यांनी अकरा जणांना दांडक्यांनी ठेचून मारलं. सरकारने आधी सांगितलं काय, तर पाणी पिऊन मेले. ते खोटं उघडं पडलं आणि पार्लमेंटात सरकारच्याच बाकांवरून इनॉक पॉवेलसारखा कट्टर उजवा माणूस उभा राहून त्यावर कडाडला. पुढच्या जानेवारीत केनियाच्या राज्यघटनेवर लंडनला लँकेस्टर हाउसची पहिली परिषद भरली आणि बहुमत काळ्यांचं असणार हे ठरूनच गेलं. गोऱ्या मळेवाल्यांना हा विश्वासघात वाटला. बिचारे!

मोजणीदार

अनघाताई, मी भूमी अभिलेख खात्यात नोकरी करून निवृत्त झालो. मुलगा नैरोबीजवळ थिकाला असतो, त्यामुळे जाणंयेणं आहे. तुकारामरावांनी राजकारण सांगितलं, मी जमिनीच्या बाजूने सांगतो. माझ्या मते तुमच्या बंदीच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

१८९५ ला इंग्रजांनी तो मुलूख संरक्षित प्रदेश म्हणून घेतला आणि पुढच्या वर्षी मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे रेल्वे टाकायला घेतली. मजूर हिंदुस्थानातून नेले, बत्तीस हजारांच्या आसपास, त्यातले अडीच हजार तिथेच मेले. १९०१ ला रूळ सरोवराला टेकले, पण गाडीत भरायला माल कुठे होता? रेल्वेचा खर्च निघावा म्हणून उंचावरच्या थंड, पाऊसपाण्याच्या पट्ट्यात गोरे शेतकरी आणून बसवायचं ठरलं. आता योगायोग बघा. नेमक्या त्याच दहा वर्षांत बुळकांडीने गुरं साफ झालेली, देवीची साथ आलेली, वर दुष्काळ. नैरोबीलगतच्या कियांबूकडची पुष्कळ किकुयू कुटुंबं जगायला उत्तरेकडे नातलगांकडे गेली होती. त्यांची राहिलेली रानं इंग्रजाने कागदावर पडीक म्हणून लिहिली. नोंद करणाऱ्याच्या हातात काय ताकद असते, हे मी खुर्चीत बसून बघितलंय. एक शेरा पडला की तीन पिढ्या निस्तरत बसतात.

१९१५ च्या कायद्याने गोऱ्याला ९९९ वर्षांचा भाडेपट्टा मिळाला. नऊशे नव्याण्णव! आणि १९२१ ला तिथल्या हायकोर्टाने निकाल दिला की राखीव भागात राहणारा आफ्रिकी माणूस हा सरकारच्या मर्जीवरचा कूळ. स्वतःच्या वाडवडलांच्या रानात कूळ, आणि कूळकायदा नाही. वर दर झोपडीमागे कर, तो रोखीने भरायचा, रोख मिळवायची तर गोऱ्याच्या मळ्यावर जायचं. पहिल्या महायुद्धानंतर किपांडे आला, म्हणजे नावगाव, बोटांचे ठसे आणि मालकाचा शेरा असलेला कागद. तो पत्र्याच्या डबीत घालून प्रौढ पुरुषाने गळ्यात अडकवून फिरायचं. डबी नसली की अटक. किकुयू लोक त्या डबीला बकरीच्या गळ्यातली घंटा म्हणत. कॉफीचं पीक पैशाचं, तर किकुयूला कॉफी लावायला जवळजवळ बंदीच, कारण त्याने स्वतःची कॉफी लावली तर मळ्यावर मजूर कोण येणार?

त्या किपांडेच्या आणि कराच्या विरोधात हॅरी थुकू नावाचा तरुण टेलिफोन ऑपरेटर उभा राहिला. १९२२ च्या मार्चमध्ये त्याला धरलं, लोक नैरोबीत पोलीस ठाण्यापुढे जमले आणि गोळीबार झाला. सरकारी आकडा एकवीसचा, लोक बराच जास्त सांगतात. पुरुष मागे सरायला लागले तेव्हा मेरी मुथोनी न्यांजिरू ही बाई पुढे झाली आणि पहिल्या गोळ्यांत पडली.

आता लारी या गावच्या हत्याकांडाचं सांगतो, कारण माऊ माऊच्या क्रूरपणाचा दाखला म्हणून सगळे लारीच सांगतात आणि त्यामागचा नकाशा कुणी सांगत नाही. टिगोनी म्हणून एक सुपीक पट्टा, गोऱ्यांच्या मळ्यांच्या मधोमध अडकलेला. तिथल्या किकुयूंना हलवायचं होतं. सरकारने अदलाबदल म्हणून लारीची जमीन देऊ केली. लुका वाकाहंगारा नावाच्या पुढाऱ्याने ती कबूल केली, बाकीच्यांनी नाही, त्यांना काढलं. लुकाची माणसं लारीला बसली, सरकारात मानमरातब मिळाला. ज्यांची जमीन गेली ते ती वर्षानुवर्षं बघत राहिले. २६ मार्च १९५३ च्या रात्री हल्ला झाला, घरं पेटवली, बायकापोरांसकट कापून काढली, लुकाही मेला. मग सरकारी बाजूच्यांनी सूड घेतला, त्यात आणखी माणसं मेली. पहिल्या रात्रीचे फोटो जगभर गेले, दुसऱ्या हत्याकांडाचे नाही. मी हे त्या क्रूरपणाचं समर्थन म्हणून सांगत नाही. पण तो जंगलीपणा होता असं जे लिहून ठेवलंय ते मला पटत नाही. तो बांधाचा दावा होता, आणि दावा लावायला कोर्ट नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. १९५४ ला स्विनर्टन नावाच्या शेती अधिकाऱ्याची योजना आली. आफ्रिकी शेतकऱ्याचे विखुरलेले तुकडे एकत्र करून एका ठिकाणी द्यायचे, मालकीचा दाखला द्यायचा, कॉफी-चहा लावायला परवानगी. कागदावर उत्तम. आपल्याकडेही १९४७ चा तुकडेबंदी आणि तुकडेजोड कायदा आहे, एकत्रीकरणाची गटवारी मी निस्तरली आहे. आपल्याकडे शांततेच्या काळातसुद्धा ज्याचा भाऊ मुंबईला गिरणीत होता त्याच्या वाट्याला कातळ आला आणि जो गावात हजर होता त्याला विहिरीजवळचं रान मिळालं, अशा तक्रारी आजही निघतात. तर तिकडे हे काम कधी चाललं होतं? हजारो पुरुष मान्यानी आणि मॅकिनन रोडच्या छावण्यांत डांबलेले असताना. दहा लाखांवर माणसं घरंदारं सोडायला लावून आठशेच्या वर नव्या गावांत कोंबलेली, भोवती खंदक आणि खुंट्यांचं कुंपण. गावच्या समितीत बसून हद्दी ठरवणारे कोण, तर होमगार्डवाले (म्हणजे माऊ माऊविरुद्ध इंग्रजांनी उभे केलेले किकुयूच) आणि सरकारनिष्ठ मुखिया. माऊ माऊच्या पुढाऱ्यांची जमीन तर १९५३ च्या कायद्याने आधीच जप्त होत होती. आणि १९५७ ला एक कायदा करून जमिनीचे दावे कोर्टात चालवणंच थांबवलं. हरकत घ्यायची मुदत असते ना आपल्याकडे? तिथे हरकतदार तारेच्या आत. मुरांगा जिल्ह्यात तर इतका घोळ घातला गेला की पुष्कळ भागात सगळं काम पुन्हा करावं लागलं.

कियांबूत मुलाच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्यांकडे गेलो होतो. तिकडे शेतं डोंगराच्या धारेपासून खाली ओढ्यापर्यंत उभ्या पट्ट्यांत असतात, वर घर, मध्ये कॉफी, खाली ओढ्याकाठी गवत. बांधावर झाडांचं कुंपण. त्यांनी मला ओढ्यापर्यंत चालवत नेलं आणि पलीकडचा पट्टा दाखवला. म्हणाले, तो आमचा होता, वडील छावणीतून परत आले तेव्हा तिथे शेजाऱ्याची कॉफी लागलेली होती. मी सवयीने विचारलं, दाखल्यावर नाव कुणाचं? ते हसले आणि म्हणाले, शेजाऱ्याचं, कायदेशीर आहे सगळं.

आता बंदीचं उत्तर. १९६३ ला ज्या मालकीहक्काच्या दाखल्यांवर देश उभा राहिला, त्यातले बरेचसे असे झालेले. जंगलातून आलेल्याला वीर म्हणायचं तर त्याचा पहिला प्रश्न ‘माझी जमीन कुठाय’ हा असणार. म्हणून त्याला वीर म्हणायचंच नाही.

बार्देशकार

मोजणीदार काका, दंडवत. अनघाताईंचा ‘आपले लोक’ हा भाग मी घेतो. माझे मावसआजोबा मोंबासाच्या कस्टममध्ये कारकून होते, घरात हे विषय व्हायचे.

खरं सांगायचं तर बहुतेक आपले लोक कुणाच्याच बाजूने नव्हते. दुकान, नोकरी आणि पोरांचं शिक्षण. कायद्याने तीन पायऱ्या होत्या, वर गोरा, मध्ये हिंदी, खाली काळा. शाळा, दवाखाने, संडास सगळं वेगळं. मधल्या पायरीवरच्याला वरच्याचा राग असतो, पण खालच्याला वर घ्यायची तयारी नसते. उंचावरची जमीन हिंद्यांनाही मिळत नव्हती. १९२३ ला लंडनने श्वेतपत्रिका काढून सांगितलं की आफ्रिकींचं हित सर्वांत मोठं. त्याचा लगेचचा उपयोग एवढाच झाला की हिंद्यांची समान मताधिकाराची मागणी बाजूला टाकता आली. जमीन गोऱ्यांकडेच राहिली.

पण जे थोडे उभे राहिले ते पक्के राहिले. थुकूला छापखाना आणि मदत दिली ती मणिलाल देसाईंनी. मखन सिंग हे कामगार पुढारी, त्यांनी एप्रिल १९५० मध्ये नैरोबीच्या कालोलेनी हॉलमध्ये पूर्व आफ्रिकेला पूर्ण स्वातंत्र्य द्या असं जाहीर सभेत मागितलं. तेव्हा असं उघड बोलायची छाती बाकी कुणाची नव्हती. पुढच्या महिन्यात त्यांना उचललं ते १९६१ ला सोडलं.

आणि आमचा पियो गामा पिंटो. जन्म नैरोबीचा, १९२७. शिक्षण हिंदुस्थानात, मुंबईत असताना गोव्याच्या मुक्तीच्या कामात पडला. पोर्तुगीज पकडतील म्हणून केनियाला परतला आणि तिथे माऊ माऊला पैसा आणि शस्त्रं पोचवायला लागला. १९५४ ला धरून लामूजवळच्या मांडा बेटावर ठेवलं, पुढे काबार्नेटला स्थानबद्ध, १९५९ पर्यंत. स्वातंत्र्यानंतर खासदार झाला, आणि जमीन वाटा, लढलेल्यांना द्या, हे म्हणायचं काही सोडेना. २४ फेब्रुवारी १९६५, सकाळची वेळ, स्वतःच्या फाटकाजवळ गाडीत गोळ्या घातल्या. मागच्या सीटवर लहान मुलगी होती. स्वतंत्र केनियातला हा पहिला राजकीय खून. काकांचं म्हणणं मला म्हणूनच पटतं.

एक मराठी नावही सांगायला हवं. औंधचे आप्पासाहेब पंत, भवानराव पंतप्रतिनिधींचे चिरंजीव. १९४८ ला नेहरूंनी त्यांना नैरोबीला भारताचे आयुक्त म्हणून पाठवलं. गांधीजींच्या सल्ल्याने औंध संस्थानाने स्वतःहून प्रजेला कारभार दिला होता, त्या प्रयोगातला हा माणूस. नैरोबीत त्यांच्या घरी केन्याटा, कोइनांगे अशा किकुयू पुढाऱ्यांची ऊठबस असे. आफ्रिकी मुलांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या. गोरे मळेवाले आणि गव्हर्नर इतके वैतागले की दिल्लीकडे तक्रारी गेल्या आणि १९५४ ला पंतांना तिथून हलावं लागलं. केन्याटांवरच्या कापेंगुरियाच्या खटल्यात बचावाला डी. एन. प्रिट यांच्याबरोबर भारतातून दिवाण चमनलाल गेले होते, ते असेच नाही गेले. निकाल ठरलेला होता हा भाग वेगळा. न्यायाधीश थॅकरला सरकारने वीस हजार पौंड दिले होते.

अनघा_ठाणेकर

बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. बार्देशकार, औंधचं संग्रहालय बघितलंय मी, पण हे तिथे कुणी सांगितलं नाही.

काका, एक कळलं नाही. केन्याटा स्वतः सात वर्षं सक्तमजुरीला गेले ना? मग ते तर लढणाऱ्यांचेच झाले. त्यांनी तरी बंदी उठवायची.

कोरेगावचा_पाहुणा

काकांचं लिखाण आवडलं, पण केन्याटांवर अन्याय होतोय असं वाटतं. १९६३ ला ते करणार तरी काय होते? शेतीचा निर्यातीचा माल बहुतेक गोऱ्यांच्या मळ्यांतून यायचा. ते एकदम गेले असते तर तिजोरीत खडखडाट. शिवाय लहान जमातींचा कादू पक्ष वेगळा, त्यांना किकुयू सगळी जमीन खातील ही भीती. होमगार्ड आणि माऊ माऊ एकाच गल्लीत राहत होते, कधी एकाच घरात. जुने हिशोब काढायला बसले असते तर यादवी झाली असती. शेजारच्या देशांत पुढे काय झालं ते दिसतंच आहे. सगळे लढलो, आता विसरा, हे धोरण त्यातल्या त्यात शहाणपणाचं.

मोजणीदार

पाहुणे, यादवीची भीती खरी होती, ते मान्य. पण विसरा म्हणणाऱ्याने स्वतः काय घेतलं ते बघायचं की नाही?

अनघाताई, केन्याटा माऊ माऊचे सूत्रधार नव्हतेच. खटल्यात तसं सिद्ध केलं ते पैसे देऊन. ते तुरुंगात असताना लढाई झाली, तुरुंगामुळे ते सगळ्यांचे झाले, ऑगस्ट १९६१ ला सुटले तेव्हा गोऱ्यांनाही कळलं की बोलायचं तर याच माणसाशी. १९६२ लाच त्यांनी जाहीर सांगितलं की माऊ माऊ हा एक रोग होता, तो गेला, त्याची परत आठवण काढायची नाही. बंदी उठवण्याचा प्रश्नच आला नाही.

जमिनीचं झालं ते असं. दहा लाख एकरांची योजना निघाली, गोऱ्यांच्या जमिनी विकत घेऊन सुमारे पस्तीस हजार कुटुंबं बसवली. पैसा ब्रिटनच्या आणि जागतिक बँकेच्या कर्जाचा. म्हणजे जी जमीन नुसत्या कायद्याच्या कागदाने गेली, ती बाजारभावाने सोडवून घ्यायची आणि हप्ते भरायचे त्याच शेतकऱ्याने. गोरा रोख घेऊन गेला. उरलेले मोठे मळे? ते पुष्कळसे अखंड हस्तांतरित झाले, मंत्री, अधिकारी, त्यांचे नातेवाईक यांच्या नावावर. राष्ट्राध्यक्षांच्या कुटुंबाकडे किती आहे यावर तिकडे आजही निवडणुका लढतात.

बिल्डाड काग्गिया हा केन्याटांबरोबरच कापेंगुरियाच्या खटल्यात शिक्षा भोगलेला माणूस. तो म्हणत राहिला की भूमिहीनांना जमीन फुकट द्या. १९६५ ला कांडारा इथे जाहीर सभेत केन्याटांनी त्याला समोर बसवून विचारलं की आपण सगळे एकत्र तुरुंगात होतो, बाकीच्यांनी घरं बांधली, मळे केले, तू स्वतःसाठी काय केलंस? काग्गियाकडे दाखवायला काही नव्हतं. पुढच्या वर्षी तो केन्याटांपासून फुटलेल्या ओडिंगांच्या विरोधी पक्षात गेला, तो पक्ष १९६९ ला बंद केला. पाहुणे, हे यादवी टाळण्यासाठी होतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

२००३ ला बंदी उठली ती केव्हा, तर आदल्या डिसेंबरात केन्याटांचा कानू पक्ष चाळीस वर्षांनी हरला आणि किबाकी राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा. बंदी उठल्यावर म्हाताऱ्या लढवय्यांना संघटना नोंदवता आली. नोंदणी झाली म्हणून २००९ ला लंडनच्या कोर्टात छळाचा दावा लावता आला. त्या दाव्यामुळे २०११ ला ब्रिटिश सरकारला कबूल करावं लागलं की वसाहतींतून गुपचूप आणलेल्या फायली इंग्लंडमधल्या हॅन्सलोप पार्क या सरकारी आवारात दडवून ठेवल्या आहेत. आणि २०१३ च्या जूनमध्ये ५२२८ जणांसाठी एक कोटी नव्व्याण्णव लाख पौंड मान्य झाले, परराष्ट्रमंत्री हेगने खेद व्यक्त केला. एक कागद नोंदला गेला की किती पुढचे कागद हलतात ते बघा. पैसे इंग्रजांनी दिले. ओढ्यापलीकडचा पट्टा ज्या घरच्या सरकारने कायम केला, त्याने काही दिलं नाही.

तिकडे गेल्यावर किमाथी स्ट्रीटवर किमाथीचा पुतळा बघा, २००७ चा आहे. राष्ट्रीय अभिलेखागारात मुरुंबी यांचा संग्रह आहे. मुरुंबींचे वडील गोव्याचे, आई मसाई, ते पुढे उपराष्ट्राध्यक्ष झाले. मुलांना आवडेल. पण शनिवार मोकळा मिळाला तर आधी कियांबूच्या बाजूला जा, लारी-टिगोनीला. आज तिथे चहाचे मळे आहेत. पत्ता वगैरे हवा असेल तर व्यनि करा, मुलाचा ड्रायव्हर त्याच भागातला आहे.

बार्देशकार

आणि नैरोबीतल्या सिटी पार्कच्या दफनभूमीत पिंटोची कबर आहे, मुरुंबीही तिथेच जवळ आहेत. फुलं नेलीत तर माझ्याकडूनही दोन ठेवा. माकडांपासून सांभाळा मात्र, हातातली पिशवी ओढतात.